एमडी सरकारने दुकानात विकावी, असं मुलगा म्हणतो

पत्र असं आहे (थोडं आटोपशीर केलंय):

"ताई, यावल तालुक्यात माझी केळीची शेती आहे. मुलगा पुण्यात वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी आला होता. माझ्या मेहुण्याचा पोरगा नाशिकला शिकायला होता, तिथे एमडीच्या (मेफेड्रोन नावाच्या नशेच्या पावडरीच्या) नादी लागला. सध्या त्याला आमच्या मळ्यातल्या खोलीत ठेवलंय, रात्री बाहेरून कडी लावतो. गावात कावीळ झाली म्हणून सांगितलंय. जेवताना त्याचा विषय निघाला, तर मुलगा म्हणाला, 'बाबा, हे सगळे ड्रग्ज कायदेशीर करून सरकारने नियम लावून दुकानात विकले पाहिजेत, तरच हे थांबेल.' वर मी शनिवारी दोन पेग घेतो तेही काढलं. मी ताटावरून उठलो, नको ते बोललो. तो रसाच्या वाटीला हात न लावता रात्रीच्या गाडीने निघून गेला. सव्वा महिना झाला, आईशी बोलतो, माझ्याशी नाही. असा विचार करणारा पोरगा स्वतः काही घेत तर नसेल? आणि चूक कोणाची ते स्पष्ट सांगा. जाता जाता : आता कळतंय की भाच्याचं त्याला सहा महिने आधीपासून ठाऊक होतं."

भाऊ,

आधी तुमची भीती बघू. वकिलीच्या शेवटच्या वर्षाचं पोरगं बापाशी कायद्यावर भांडलं नाही तर फीचे पैसे वाया गेले म्हणायचे. मतावरून नशा ओळखता येत नाही. ती ओळखायची झोपेवरून, वजनावरून, उसनवारीवरून, न उचललेल्या फोनवरून. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. आईशी बोलतो, असंच लिहिलंय. तेव्हा हा विषय इथेच सोडू.

आता त्याचं म्हणणं. याबद्दल मला बोलायचा थोडा हक्क आहे, कारण एकतीस वर्षं मी धुळ्यात पाच कंदिलाजवळ मेडिकल चालवलंय. नियम लावून दुकानात विकणं, हाच माझा धंदा होता. झोपेच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल ही सगळी नशेचीच चुलत भावंडं, कायदेशीर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी. मार्च 2014 पासून यातल्या बऱ्याच औषधांना 'एच-वन' नावाची वेगळी यादी लागू झाली. पाकिटावर लाल चौकटीत इशारा, आणि दुकानात वेगळी वही. वहीत डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. ती वही तीन वर्षं जपायची, औषध निरीक्षक आला की दाखवायची.

त्या वहीची गंमत सांगते. एकदा दुपारी निवांत होते म्हणून चाळत बसले, तर 'रमेश पाटील' हे नाव दोन महिन्यांत चौदा वेळा. खान्देशात पाटील किती हे मी तुम्हाला काय सांगायचं! पण चौदाच्या चौदा वेळा अल्प्राझोलाम, म्हणजे मन शांत करणारी, झोप आणणारी गोळी, आणि चिठ्ठी एकाच डॉक्टरची. सगळ्या चिठ्ठ्या काढून जवळ ठेवल्या, तर डाव्या कोपऱ्यातला शाईचा डाग प्रत्येकीवर त्याच जागी होता. मूळ चिठ्ठी एकच, बाकी झेरॉक्स. तारखेच्या जागी व्हाइटनर लावून नवी तारीख. माझा पोऱ्या काउंटरवर होता, त्याने तारीख बघून औषध दिलं. नियमाप्रमाणे वही चोख होती. निरीक्षकाने सहीसुद्धा करून दिली असती.

त्यानंतर मी चिठ्ठी उजेडात धरायला लागले. मग पोरं चिठ्ठी न घेताच यायला लागली. "मावशी, रातले झोपच ई नही ऱ्हायनी, एक पाकीट दी दे ना." वीस-बावीस वर्षांचं पोरगं, डोळे लाल. नाही म्हटलं की शेजारच्या गल्लीत जायचं, तिथे मिळायचं. पांझरेच्या पात्रात खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या मी सकाळी फिरायला जाताना मोजायचे, मग मोजणं सोडलं. मालेगावात अल्प्राझोलामला 'कुत्ता गोळी' म्हणतात, हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. ती गोळी काही मालेगावात भट्टी लावून बनत नाही. परवाना असलेल्या कारखान्यात बनते, परवाना असलेल्या गाडीतून येते आणि शेवटच्या दोनशे पावलांत वाट चुकते.

म्हणून तुमच्या मुलाला माझा पहिला प्रश्न : काउंटरच्या आत कोण उभं राहणार? मी राहिले होते, आणि मला जमलं नाही. एमडीची एक पुडी विकून दिवसभराच्या क्रोसिनपेक्षा जास्त सुटणार असेल, तर किती जण चिठ्ठी उजेडात धरतील?

त्याला अमेरिकेचं उदाहरणही विचारा. तिथे 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन नावाची वेदनाशामक गोळी आली. अफूच्याच घराण्यातली, सरकारी मंजुरीची, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, उजळ दुकानात मिळणारी. बनवणाऱ्या पर्ड्यू फार्मा कंपनीने डॉक्टरांना सांगितलं की हिची सवय क्वचितच लागते. कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला 2007 मध्ये, आणि पुन्हा 2020 मध्ये. तोवर लाखो घरांत सवय शिरली होती, आणि गोळी परवडेनाशी झाली तेव्हा त्याच लोकांनी गर्द, म्हणजे हेरॉइन धरली, मग त्याहून जहाल फेंटॅनिल. 2021 ते 2023 या काळात तिथे वर्षाला लाखाहून जास्त माणसं ड्रग्जच्या अतिमात्रेने गेली. सुरुवात गल्लीतल्या पुडीवाल्याकडून झाली नव्हती, पावती देणाऱ्या दुकानातून झाली होती.

हे वाचून तुम्ही मिशीला पीळ देत असाल तर थांबा.

तुम्ही लिहिलंय की "शनिवारी दोन पेग घेतो". 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. आहे का तुमच्याकडे? नसणार. माझ्या नवऱ्याकडेही नव्हता. म्हणजे कायद्याच्या लेखी तुम्ही आणि ते एकाच बाकावर. बाकावरून नवापूरचं स्टेशन आठवलं. अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. एक बाक तर असा की मधोमध रेघ. एका टोकाला बसलेला माणूस महाराष्ट्रात, दुसऱ्या टोकाचा गुजरातेत. गुजरातेत 1960 पासून दारूबंदी आहे. आणि आपल्या धुळे-नंदुरबारच्या पेपरात दर आठवड्याला काय असतं? गुजरातकडे जाणारी दारू पकडली. कधी टेम्पोत कांद्याच्या गोण्यांखाली, कधी टँकरमध्ये. गुटख्यावर आपल्या राज्यात 2012 पासून बंदी आहे, तुमच्या गावातल्या शाळेसमोरची टपरी बघून या. शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी तुरी-मक्याच्या आड गांजा निघतो, पोलीस उपटतात, पुन्हा निघतो. नाशिकजवळच्या शिंदे गावात 2023 मध्ये एमडीचा कारखाना सापडला, पुढच्याच वर्षी पुण्याकडे कुरकुंभच्या एमआयडीसीत. तुमचा मुलगा म्हणतो की नुसत्या बंदीने हे थांबत नाही. ते डोळ्यांना दिसतं, त्याला पुस्तक लागत नाही.

आणखी एका गोष्टीत तो बरोबर आहे : पुडीत काय आहे हे घेणाऱ्याला माहीत नसतं. तुमच्या भाच्याने एमडी म्हणून जे ओढलं त्यात काय काय होतं, ते देव जाणे.

पण बंदीतून गळतं म्हणून दुकान उघडा, हे मला पटत नाही. एम्सने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, तिचा अहवाल 2019 मध्ये आला. दारू पिणारे सुमारे 16 कोटी. अफू, गर्द आणि त्या जातीच्या गोळ्या घेणारे सव्वादोन कोटींच्या आसपास. दुसरा आकडा लहान नाही, हादरवणारा आहे. पण जे उघड मिळतं ते किती घरांत पोचतं, ते पहिला आकडा सांगतो. एमडीचं दुकान निघालं तर काळ्या बाजारातलं गिऱ्हाईक दुकानात येईल, हे खरं. जो आज भीतीने, लाजेने लांब आहे तोही येईल, हे तुमचा मुलगा हिशेबात धरत नाही.

तो बहुतेक पोर्तुगालचं नाव घेईल. ही पोरं घेतातच. घेऊ द्या, पण पूर्ण सांगायला लावा. पोर्तुगालने 2001 मध्ये दुकानं उघडली नाहीत. विकणाऱ्याला तिथे आजही तुरुंग आहे. त्यांनी एवढंच केलं की ज्याच्याकडे स्वतःपुरता दहा दिवसांचा माल सापडेल त्याला गुन्हेगार धरायचं नाही, तिघांच्या समितीपुढे बसवायचं. समितीत कायदा जाणणारा, आरोग्य किंवा समाजकार्य जाणणारा, अशी माणसं. ती विचारतात, किती दिवसांपासून घेतोस, काम करतोस का, उपचार घेशील का. त्याबरोबर उपचारावर पैसा ओतला. सुईतून पसरणारा एचआयव्ही तिथे खूपच खाली आला.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने 2020 मध्ये मतदान घेऊन अर्धीच नक्कल केली. शिक्षा काढली, शंभर डॉलरचा दंड ठेवला, आणि एका नंबरावर फोन करून तब्येतीची चौकशी करून घेतली की तो दंडही माफ. फोन फारसा कोणी केलाच नाही. उपचाराची केंद्रं उभी राहायला वेळ लागला, त्याच काळात फेंटॅनिल येऊन धडकलं, रस्त्यावर उघड नशा दिसायला लागली आणि लोक वैतागले. 2024 मध्ये राज्याने पुन्हा गुन्हा ठरवला. (दंडमाफीचा फोन हा प्रकार आपल्याकडे आणला असता तर फोन लागला असता का, हा वेगळा विषय.)

स्वित्झर्लंडची गोष्ट मला जास्त आवडते, बहुधा मी काउंटरच्या आत उभी राहिलेली असल्याने. झुरिकच्या एका बागेत शेकडो लोक भरदिवसा सुया टोचत बसायचे, 1992 मध्ये ती बाग बंद केली. दोन वर्षांनी सरकारने काय केलं, तर ज्यांच्यावर दुसरं कुठलंच औषध चाललं नाही अशा जुन्या रुग्णांना दवाखान्यात, नर्सच्या डोळ्यांदेखत, ठरलेल्या मात्रेत शुद्ध हेरॉइन द्यायला सुरुवात केली. 2008 मध्ये लोकांनी मतदान करून ते कायम केलं. हे कायदेशीर आहे, नियंत्रितही आहे, पण ते दुकान नाही. तिथे गिऱ्हाईक वाढवण्यात कोणाचाच फायदा नाही. मुलाला 'नियमन' हा शब्द एवढा आवडत असेल तर त्याने हा फरक आधी समजून घ्यावा. आणि हेही लक्षात घ्यावं की गर्दवाल्याला बदली औषध देता येतं, आपल्याकडेही ब्युप्रेनॉर्फिन देतात. एमडीला असं बदली औषध नाही. मग सरकारने दुकानात नेमकं काय ठेवायचं?

आता उलट बाजूचं एक, जे मी विसरू शकत नाही. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरकडे, शेतकरी सरकारी परवान्यावर अफू पिकवतात आणि चीक सरकारलाच घालतात. त्यातून मॉर्फिन बनतं. नव्वदच्या दशकात माझ्याकडे साक्रीकडची एक बाई यायची, नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर. डॉक्टरने मॉर्फिन लिहून दिलं होतं. अख्ख्या धुळ्यात मिळेना, आणि मी ठेवू शकत नव्हते, कारण त्याला इतके परवाने लागायचे की कोणी त्या वाटेला जातच नसे. अफू आपल्या देशात पिकते, आणि तो माणूस रात्रभर भिंतीवर डोकं आपटायचा. ती बाई एसटीने मुंबईला जाऊन आठवड्याच्या गोळ्या आणायची. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याची (एनडीपीएस) भीती एवढी की औषधही त्यात अडकलं. 2014 मध्ये कायद्यात बदल करून ते सोपं केलं. तिच्या नवऱ्याच्या उपयोगाचं नव्हतं. तेव्हा 'कायदा जितका कडक तितका चांगला' असं कोणी म्हणालं की मला ती भिंत आठवते.

तुम्ही स्पष्ट विचारलंत, म्हणून माझं स्पष्ट मत : विकणाऱ्याला, बनवणाऱ्याला सोडू नये. घेणाऱ्याला तुरुंगात घालू नये. दुकान उघडू नये. तुमचा मुलगा यातलं मधलं म्हणत होता आणि घसरत दुकानापर्यंत गेला. वय आहे.

मधल्यासाठी आपल्या एनडीपीएस कायद्यातच एक खिडकी आहे, आणि ती तुमच्या भाच्याच्या कामाची आहे. नुसतं सेवन केलं तरी कलम 27 खाली, पदार्थाप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत किंवा वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. एमडीची 'अल्प मात्रा' 2 ग्रॅमपर्यंत धरतात, 50 ग्रॅमच्या वर गेलं की दहा ते वीस वर्षं. पण कलम 64-अ म्हणतं की सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल आणि ते पूर्ण करेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धे सोडले तर ही सवलत जाऊ शकते. तुमच्या घरात वकील होतोय, हे कलम त्याला वाचून दाखवायला सांगा. वाद घालण्यापेक्षा हे काम त्याला जास्त आवडेल.

आता मळ्यातली खोली. पत्रातली ही ओळ वाचून माझा चहा गार झाला.

त्या खोलीत फवारणीची औषधं असणारच, केळीवाल्याची खोली आहे. ती आज हलवा, हे पत्र पुरं वाचायच्या आधी गेलात तरी चालेल. एमडी सुटली की पहिले काही दिवस पोरगं नुसतं झोपतं, खातं, चिडतं, आणि मग मन इतकं खाली जातं की जगणं नको वाटतं. बाहेरून कडी, आत विषाची बाटली आणि एकटं पोर, याहून वाईट जागा मला सुचत नाही. कडी काढा. रात्री कोणीतरी त्याच्याजवळ झोपा, तुम्ही झोपलात तर उत्तम. आणि 'मरावंसं वाटतं' असं तो म्हणाला तर रागावू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. गावात कोणी बघेल म्हणून लांबचं हवं असेल तर धुळ्याला या. फोनवर आधी बोलायचं असेल तर 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी नंबर आहे, मन फारच खचलं असेल तर टेलीमानसचा 14416. खासगी केंद्रात ठेवायची वेळ आली तर आधी नोंदणीचा कागद मागा, डॉक्टर कोण आणि आठवड्यातून किती वेळा येतो ते विचारा, आणि आतल्या पोरांना भेटू देतात का ते बघा. मारतात, बांधतात अशी ठिकाणं मी पाहिली आहेत. बाहेर पाटी फार सुंदर असते.

आणि ती कावीळ. गावाला काही का सांगेना, डॉक्टरला कावीळ सांगू नका.

शेवटी मुलगा. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही 'जाता जाता' म्हणून टाकलीत : त्याला सहा महिने आधीपासून ठाऊक होतं. भाच्याने पहिला फोन त्याला केला असणार. त्याने तुम्हाला का सांगितलं नाही, हे स्वतःला विचारा. सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? मेहुण्याला फोन, पोराला चार कानाखाली, कदाचित पोलिसांत ओळख आहे म्हणून तिकडेही एक फोन. ते त्याला दिसलं आणि तो गप्प बसला, एकटाच निस्तरत बसला. निस्तरता आलं नाही. मग आखाजीला, पितरांची घागर भरली त्या दिवशी, पुरणपोळीच्या ताटावर तो 'कायदेशीर करा' म्हणाला. तुम्ही कायदा ऐकलात. मला वाटतं तो सांगत होता, की लपवावं लागलं नसतं तर पोरगं वाचलं असतं.

फोन तुम्ही करा. तो करणार नाही, तुमचाच आहे. पोर्तुगाल, पेग काही काढू नका. एवढंच विचारा : भाच्याचा पहिला फोन तुला कधी आला, आणि तेव्हा तू काय केलंस? मग तो बोलेल तितका वेळ मध्ये बोलू नका. मोटार चालू करायची वेळ झाली असली तरी.

डॉक्टर भाच्याला सुरुवातीला झोपेसाठी काही लिहून देतील कदाचित. ते घ्यायला मुलाला सोबत न्या. मेडिकलवाला वही पुढे करेल आणि पेशंटचं नाव विचारेल. तिथे रमेश पाटील सांगू नका, पोराचं खरं नाव सांगा.

तुमची,
ताई